कप्तान आणि बिरड्याचा रोजा

"लिहून घ्या, ताई."

दवाखान्याचं दार ढकलून कप्तान आत आले की शालोम नाही, कसं काय नाही, पहिलं वाक्य हेच. मग खुर्चीत बसायचं, बाहीचं बटण सोडायचं आणि सुरू. "डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. मंगळवारी शिंकलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि इथे, मानेच्या मागे, बाऊ झालाय."

बाऊ! पन्नाशीला टेकलेला माणूस, खांदे असे की दारातून तिरकं यावं लागायचं, आणि म्हणे बाऊ झालाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवून आतल्या खोलीत पळाले होते. पण त्यात त्यांचा दोष नव्हता. ठाण्याहून आईवडिलांबरोबर इस्रायलला आले तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे. पुढची शाळा, सैन्य, नोकरी, सगळं हिब्रूत. मराठी राहिली ती घरात, आईजवळ, आणि ती आठ वर्षांच्या मुलाचीच राहिली. डॉक्टरांशी ते हिब्रूत बोलत, अगदी पुस्तकातल्यासारखं. माझ्याशी मात्र मराठीत. माझा जन्मही ठाण्याचा, मी नर्सचं शिक्षण मुंबईत घेऊन इकडे आलेली, त्यामुळे आमचं गोत्र जुळलं. शिवाय बेर्शेबाच्या ज्या इमारतीत मी राहायचे तिथेच खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची आई राहायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, आणि माझा स्वभाव बघता हे नवलच म्हणायचं.

आमच्या दवाखान्यात वैमानिकांची तपासणी व्हायची. दरवर्षी यायचं, डोळे, कान, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सगळं दाखवायचं, आणि डॉक्टरांनी सही केली तर पुढचं वर्षभर उडायचं. आता तुम्हीच विचार करा, अशा ठिकाणी कोण खरं बोलेल? सर्दीनं नाक लालबुंद झालेला माणूस मला सांगायचा, मला आयुष्यात सर्दी झालेली नाही. एक महाशय डोळे तपासायचा तक्ता पाठ करून आले होते. मी तक्ता बदलला होता, तरी त्यांनी जुनाच म्हणून दाखवला, न अडखळता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. रुमानियाहून आलेले आमचे म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत बसले.

या सगळ्यांत एकटे कप्तान असे की न विचारलेलंही सांगायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "कप्तान, अहो, अंगठ्याच्या मुंग्या कशाला सांगता? उद्या त्यावरून परवाना अडला तर?"

"अडला तर अडला. वर माझ्या शेजारी कोण असतं, ताई? मीच. मग मला मी कसा आहे ते ठाऊक पाहिजे ना?"

कप्तान म्हणजे मोठ्या विमानाचे नव्हेत हं. ते फवारणीचं विमान चालवायचे. नेगेवच्या वाळवंटात मैलोन्मैल कापूस, त्यावर औषध मारायचं. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा निघायचं आणि पिकावरून इतक्या खालून जायचं की चाकांना पानं लागतील. शेत संपलं की समोर विजेच्या तारा. तिथे विमान एकदम वर खेचायचं, कुशीवर वळवायचं आणि पुन्हा त्याच शेतात खाली उतरवायचं. असं सकाळभर.

त्या वळणात माणसाच्या अंगाचं काय होतं, ते त्यांनी मला एकदा त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून दाखवलं होतं. "आपलं वजन एकदम दुप्पट, कधी तिप्पट होतं. गाल असे खाली ओढतात. हात उचलत नाही. रक्त सगळं पायांकडे पळतं आणि डोकं रिकामं होतं. आधी रंग जातात, ताई. हिरवं शेत राखेसारखं दिसतं. मग कडेकडेनं काळं होत येतं, नळीतून बघितल्यासारखं. तिथे सावध नाही झालात तर संपलं."

"मग करता काय?"

"मांड्या आवळायच्या, पोट आवळायचं, श्वास धरायचा आणि कुंथायचं."

"मेल्या, बायकांसमोर काय बोलतोस!" त्यांच्या आईनं हातातल्या पळीनं त्यांच्या पाठीत एक दिली. ऐंशीच्या घरातली बाई, नवऱ्याच्या मागे कारखान्यात काम करून पोराला वाढवलेली. पळीचा नेम अजून शाबूत होता.

"तसंच करतात, आई. रक्त डोक्यात राहतं."

"तुझ्या डोक्यात होतं कधी?" आई म्हणाली, आणि आम्ही तिघं हसत सुटलो.

आईच्या बोलण्यात एक गंमत होती. ती त्यांच्याशी जाड आवाजात बोलायची, पुरुषासारखा गळा काढून. इतकी वर्षं इंजिनाच्या मागे बसून कप्तानांच्या कानांतले वरचे सूर गेले होते. कानांवर जाड टोपणं असायची, तरी आवाज हाडांतून आत जातोच. काचेच्या खोलीत बसवून मी त्यांना सूर ऐकवायचे. खालचे सूर सगळे यायचे, वरचे लागले की ते नुसते शांत बसून राहायचे. घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली तरी पत्ता नाही. परवान्यापुरतं ऐकू येत होतं, त्यामुळे डॉक्टरांची हरकत नव्हती. पण एकदा चाचणी झाल्यावर मला म्हणाले, "खिडकीत चिमणी येते. चोच उघडते, मिटते. मला काहीच ऐकू येत नाही." मग लगेच, "पण पोपट ऐकू येतो अजून." मला त्यांची कीवही आली आणि हसूही आलं.

नाकाची कथा वेगळी. औषधांच्या वासांची त्यांना अशी पारख होती की कुठल्या शेतावर आज काय मारलंय ते बसच्या खिडकीतून सांगायचे. घरी येण्याआधी धावपट्टीवरच अंघोळ. कामाचे कपडे कधी उंबऱ्याच्या आत आणले नाहीत. आणि रोज सकाळी दाढी करताना आरशाजवळ जाऊन स्वतःच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायचे. औषध अंगात भिनलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मग ओठ, मग जीभ, मग नखं. गावाला निघालेला माणूस गाडीचं पाणी-हवा बघतो ना, तसं. आई म्हणायची, "नवरीपण एवढी आरशात बघत नाही गो."

आणि खुर्चीचा किस्सा तर आमच्याकडे अजून निघतो. माझ्या मुलीची मेंदी होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, अश्दोदची सगळी नातेवाईक मंडळी आलेली, आणि बायकांची गाणी रंगात आलेली. माझे यजमान गप्पांत म्हणाले, "विमान चालवायचं म्हणजे अंदाज पाहिजे. तो माझ्याकडे उपजतच आहे." झालं! कप्तान उठले, आतल्या खोलीतली माझी फिरती खुर्ची आणली, यजमानांना तीत बसवलं आणि डोळ्यांवर रुमाल बांधला.

"कुठे फिरताय ते बोटानं दाखवा."

खुर्ची उजवीकडे फिरवली. यजमानांनी ऐटीत उजवीकडे बोट केलं. कप्तान एकाच वेगानं, हळूहळू फिरवत राहिले. थोड्या वेळानं यजमान म्हणाले, "थांबवलीत ना? आता थांबलो." खुर्ची फिरतच होती! मग कप्तानांनी ती खरोखर थांबवली, तर हे ओरडले, "अरे अरे, डावीकडे कशाला फिरवता?" आणि डावीकडे बोट दाखवत, जागच्या जागी थांबलेल्या खुर्चीला दोन्ही हातांनी धरून राहिले. मेंदीचे हात वर धरून नवरी हसतेय, म्हाताऱ्या हसून डोळे पुसतायत. रुमाल काढला तेव्हा यजमान भिंतीकडे असे बघत होते की जणू भिंतीनंच दगा दिलाय.

"ढगात शिरलं की हेच होतं," कप्तान म्हणाले. "कान आतून सांगतो, आपण सरळ चाललोय. आणि विमान गरगर फिरत खाली जात असतं. तेव्हा कानाचं ऐकायचं नाही, काट्यांकडे बघायचं." मग सगळ्यांनाच खुर्चीत बसायचं होतं. एका मावशींना उलटी झाली, तिथे खेळ संपला.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, फार पूर्वी आमचं मोठं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा उपास धरतो, ऐन उन्हाळ्यात. हिब्रूत त्याला वेगळं नाव आहे, पण आमच्या कोकणातल्या बायकांनी त्याला बिरड्याचा रोजा म्हटलं, कारण तो सुटतो बिरड्यावर. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि नारळाच्या दुधात शिजवायचे. कप्तानांची आई हा रोजा लहानपणापासून धरत आलेली. संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि कप्तान आईबरोबर धरायचे. बाकी धर्माचं त्यांचं यथातथाच होतं, पण हा रोजा नाही चुकवला. "आई एकटी उपाशी बसते, मला बरं नाही वाटत," एवढंच त्यांचं कारण.

आता बघा, हेच दिवस कापसावर अळी पडायचे. म्हणून त्यांचा नियम होता, रोज्याच्या दिवशी उडायचं नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. नेगेवच्या उन्हात एक दिवस पाणी तुटलं की ते एका रात्रीत भरून येत नाही, रक्त घट्ट होतं, वळणावर डोक्यात टिकत नाही. फवारणी कंपनीचे लोक कुरकुरायचे. हे म्हणायचे, "कुरकुरा."

त्या वर्षी मात्र नियम मोडला. दुसरा वैमानिक कान फुटून घरी बसलेला, अळीनं शेतं खायला घेतलेली, शेतकरी हाता-पाया पडत होते. रात्री रोजा सुटला, आईनं बिरडं-भात वाढला, हे दोन तांबे पाणी प्यायले आणि पहाटे विमानात जाऊन बसले.

सकाळी नऊच्या सुमाराला दवाखान्याच्या बाहेर कोणीतरी उभं आहे असं मला काचेतून दिसलं. कप्तान. कामाच्याच कपड्यांत, केस कपाळाला चिकटलेले. आत येईनात.

"कपड्यांना औषध आहे, ताई. आत लोक आहेत. डॉक्टरांना बाहेर बोलवा."

"झालंय काय? आणि गाडी कुठेय तुमची?"

"तिथेच ठेवली. बसनं आलो, मागे एकटाच बसलो. असा असताना गाडी चालवणं बरं नाही."

डॉक्टर बाहेर आले. जिन्याच्या पायरीवर बसूनच त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, हकिकत ऐकली. वळणावर रंग गेले, कडा काळ्या झाल्या, कप्तानांनी विमान सावरलं, तसंच उतरवलं, किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली आणि बस धरली. डॉक्टर हसले. "काल दिवसभर उपाशी, तहानलेला. आज वळणं घेतोस. रंग जाणार नाहीत तर काय होईल? पाणी पी, तीन दिवस झोप. बेसेदेर, ठीक आहेस, काही झालेलं नाही."

इथे विषय संपत होता. दुसरा कोणीही असता तर डॉक्टरांचा हात हातात घेऊन हलवला असता आणि घरी गेला असता. मी तर मनात हुश्श केलं होतं.

कप्तान उठले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, वळणावर गेले ते मला समजतं. पण वळण संपलं, विमान सरळ झालं, अंगावर काही वजन नव्हतं, तेव्हा परत एकदा गेले. क्षणभर. सरळ जाताना जायला नकोत."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी कप्तानांचं मनगट पुन्हा हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मी कप्तानांकडे पाहत होते. त्यांना कळत होतं का, आपण काय बोललो ते? कळत होतंच. या माणसाइतकं कोणाला कळणार? त्या एका वाक्यानं सगळं जाऊ शकत होतं, आणि त्यांच्याजवळ आई आणि विमान सोडून दुसरं होतं काय? खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. गप्प का बसत नाही हा माणूस!

मग छातीला तारा चिकटवून, कमरेला टेपचा डबा बांधून त्यांना दिवसरात्र ठेवलं. टेप वाचली तेव्हा दिसलं की हृदय मधूनच ठोका विसरतं. रोज नाही, येता-जाता. आमच्या वार्षिक आलेखात ते कधी सापडलं नसतं, कारण आलेख पाच-दहा सेकंदांचा आणि त्यांचं हृदय त्यावेळी शहाण्यासारखं चालायचं. शरीरातलं पाणी तुटलं म्हणून त्या दिवशी ते उघडं पडलं. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हा असाच उडत राहिला असता तर एक दिवस कापसातच गेला असता. छातीत कातडीखाली यंत्र बसवलं, हृदयाला वेळेवर टोचणारं. यंत्र बसलं आणि परवाना गेला.

डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मी खोलीत होते. कप्तानांनी मान हलवली, बाहीचं बटण लावलं, आभार मानले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. मी पाणी दिलं, ते पूर्ण प्यायले. "ताई, घरी आईला तुम्ही सांगा," एवढंच म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे, आणि माझेही.

आईला मी सांगितलं. कंपनीनं त्यांना ठेवून घेतलंय, नव्या वैमानिकांना शिकवायला, तेही सांगितलं. आणि ते खरंच होतं. माझी फिरती खुर्ची कायमची त्या धावपट्टीवर गेली, आणि तिच्यात बसून कितीतरी तरुण पोरं डावं-उजवं विसरली. शरीराविषयी काही लपवायचं नाही, हे ती पोरं त्यांच्याकडून शिकली. मी त्यांतल्या काहींना पुढे तपासलं, म्हणून सांगते.

पण म्हातारीच्या डोक्यात एकच बसलं. "माझ्या रोज्यानं माझ्या लेकाचं विमान खाल्लं."

"अहो मावशी, उलटं आहे. तुमच्या रोज्यानं वाचला तो. नाहीतर कळलंच नसतं."

"तू मला शिकवू नको. मी उपाशी बसते म्हणून तो बसतो. मी बसली नसती तर तो बसला असता?" कप्तानांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मी तर घसा फोडून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि पदरानं डोळे टिपायची.

आज दोघंही नाहीत. आई आधी गेली, काही वर्षांनी कप्तान, झोपेत. खालच्या घरात आता रशियन कुटुंब आहे. पण कप्तान म्हटलं की मला तो पुढच्या वर्षीचा रोजाच आठवतो.

डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, उन्हाळ्यात उपाशी-तहानलेलं राहायचं नाही. पण आई धरणार म्हणजे हे धरणार, हे म्हातारीला पक्कं ठाऊक. आदल्या दिवशी तिनं मला जिन्यात गाठलं. "पोरी, त्याला बोल की डॉक्टरनी मलापण मना केलंय. वयामुळे. माझी शपथ आहे तुला." मी बोलले. ऐंशी ओलांडलेल्या बाईला कुठलाही डॉक्टर मनाच करील, त्यात खोटं ते काय?

रोज्याच्या दिवशी दुपारी कप्तानांचा रक्तदाब बघायला मी खाली गेले. टेबलावर भरदुपारी बिरडं-भात वाढलेला. कप्तान ताटावर बसलेले, आई जवळ उभी.

"तू?" त्यांनी विचारलं.

"मी मघाशीच जेवली. विचार हिला."

मी मान डोलावली. कप्तानांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. ओठांना कोरड पडून कोपऱ्यांत पांढरं धरलेलं, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. नर्सला ते दिसतं. मग कप्तानांना दिसणार नाही? मला वाटलं, आता बोलतील. आजवर दिसलेलं बोलल्याशिवाय हा माणूस कधी राहिला नव्हता.

त्यांनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. पहिला भात संपवला. आईनं दुसरा वाढला, तो संपवला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि वर्षभरात मी तिला इतकं समाधानी पाहिलं नव्हतं.

मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "सकाळपासून पाणीपण नाही घेतलं तिनं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी जेवलो नाही की आई रडते."

आतून जाड आवाजात हाक आली, "अरे, थोडं राहिलंय. वाढू का?"

त्यांनी पोटावर हात ठेवला. पोट गच्च भरलेलं मला दिसत होतं.

"वाढ, आई," ते म्हणाले आणि परत ताटावर जाऊन बसले.